पेपर चालू हाये

मी काय काम करतो हे आमच्या हिंगणी गावात मला कोणालाच नीट सांगता आलं नाही. इंग्रजी पुस्तकांच्या शेवटी बारीक टायपात एक सूची असते. कोणता विषय, कोणतं गाव, कोणता माणूस कोणत्या पानावर आला आहे, ते अक्षरक्रमानं लावलेलं. बहुतेक वाचक ती पानं उघडतही नाहीत. ती मी करतो. परदेशातले संपादक एका साइटवरून पुस्तकाची पानं पाठवतात आणि पंधरा-वीस दिवसांत मी सूची करून परत करतो. सहा वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही मी पाहिलेलं नाही.

या कामाला लागतं ते सलग लक्ष. चारशे पानं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावी लागतात. दोनशे दहाव्या पानावर कालव्याचा उल्लेख आला, तर तो आधी कुठं आणि कोणत्या नावानं येऊन गेला हे आठवायला हवं. मध्येच कोणी येऊन मोबाइलमधला आधारचा ओटीपी वाचून द्या म्हणालं, की डोक्यातलं सगळं विस्कटतं आणि तीस-चाळीस पानं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. घरात आई, बाबा आणि मी; दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इंटरनेटची तार पुढच्या खोलीत येते म्हणून माझं टेबलही पुढच्याच खोलीत, दारापासून चार हातांवर. दाराबाहेर ओटा, आणि ओट्यावर बाबा.

बाबा भाजीवाले होते. नदीकाठच्या दीड एकरात मेथी, पालक, वांगी, आणि मंगळवारी सेलूचा बाजार. गुडघे गेल्यावर वाडी त्यांनी बटईनं दिली, पण आपल्या वाट्याची भाजी ते घरी आणायला लावत आणि ओट्यावर बसून निवडत. पिवळं पान काढायचं, मूठभर काड्या सारख्या करायच्या, सुतळी गुंडाळायची. कोणी दाराशी आलं की हात न थांबवता म्हणायचे, "पेपर चालू हाये पोराचा. सांजच्याले येजो."

हे मला पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा वाटलं, एखाद्या दिवसापुरतं असेल. पण ते पाच वर्षं चाललं. घरात बसून कोणी काम करतो हे गावाला पटणारं नव्हतं, परीक्षा मात्र सगळ्यांना कळत होती. सावंगीला शिकणारी मुलं, पोलिस भरतीची तयारी करणारी मुलं घरोघर होती. पेपर म्हटलं की बाया घागर टेकवतानासुद्धा आवाज होऊ देत नसत. मीही ते चालू दिलं. माझ्या सोयीचंच होतं ते. त्याचा परिणाम असा झाला की छत्तीस वर्षांचा मी गावाच्या हिशेबानं पाच वर्षं सतत परीक्षेला बसत होतो आणि सतत नापास होत होतो.

मागच्या हिवाळ्यात, मेथीच्याच दिवसांत, बाबांच्या छातीत दुखलं. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

नोकरी करणारा माणूस अशा वेळी फोन करतो आणि वरचा माणूस म्हणतो, काही काळजी करू नका. मला रजा मागायला कोणी नव्हतं. ज्या संपादक बाईंचं पुस्तक हातात होतं त्यांना मी दोन ओळी लिहिल्या. त्यांनी सांत्वनाचे शब्द आणि चार दिवसांची मुदत पाठवली. पुस्तक छापायला जायची तारीख ठरलेली होती, त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. चार दिवस धरले तरी सूची तेरवीच्या दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

बाबांचा मी एकुलता एक मुलगा, म्हणून क्रिया मीच धरली. क्रिया धरणाऱ्यानं दहा दिवस खुर्चीवर, खाटेवर बसायचं नाही, घोंगडी टाकून खालीच बसायचं. माझं टेबल त्या दहा दिवसांत पाहुण्यांच्या पिशव्या ठेवायच्या कामी आलं. भाजीचं एक प्लॅस्टिकचं कॅरेट पालथं घालून मी त्यावर लॅपटॉप ठेवला, पण उघडता आला नाही. दिवसभर माणसं भेटायला येत. येणारा माझ्यासमोर बसे आणि बाबा त्याला शेवटचे कुठं भेटले ते सांगे. आणि बहुतेक जण उठताना एकच वाक्य बोलत.

"आता तरी पास हो बाप्पा. त्याईची लय इच्छा होती."

मी मान हलवत असे. शेजारचे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी मात्र चष्मा वर करून विचारलं, "काऊन रे, या परीक्षेले वयाची अट नसते काय? इतक्या पेपरात तं एखादा दोन वेळा कलेक्टर झाला असता."

आत्या, बाबांची धाकटी बहीण, तेरवीपर्यंत आमच्याकडेच मुक्कामाला होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्याच हाताखाली शिकला तो. मंग वेळ तं लागनच."

गुरुजी हसले. बाबा गेल्यापासून त्या खोलीत कोणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

बहिणीच्या नवऱ्याचं हिंगणघाटला बी-बियाण्याचं दुकान आहे. माणूस चांगला. माझ्या आईला ते मामी म्हणतात. नवव्या दिवशी त्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं. "हे पाहा, तेरवी झाली की तुम्ही आणि मामी तिकडंच चला. दुकानात मले घरचा माणूस पाहिजे. हे घर बंद राहू द्या. इथं आता काय ठेवलं?"

मी म्हणालो, "माझं काम आहे, भाऊजी."

"ते तं हायेच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

दहाव्या दिवशी नदीवर विधी झाला. न्हाव्यानं डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवलं. माझी मिशी विशीपासूनची. घरी येऊन आरशात पाहिलं तर समोर बाबांचा लहान भाऊ शोभेल असा कोणीतरी होता. त्या दुपारी पाहुणे जेवून पांगले आणि मी दहा दिवसांनी पहिल्यांदा लॅपटॉप उघडला. काम सुरू करण्याआधी ही साइट कधीकधी कॅमेऱ्यातून चेहरा पाहते, बसलेला माणूस तोच आहे ना, याची खात्री करायला. तीन वेळा पाहिलं आणि तिन्ही वेळा चेहरा जुळत नाही असं सांगितलं. मग खातं बंद झालं. थोड्या वेळानं पत्र आलं. उद्या साडेअकरा वाजता त्यांचा माणूस कॅमेऱ्यावर माझी तपासणी करील. खोलीत मी एकटा असलो पाहिजे, आवाज नको, तपासणी अर्ध्यात तुटली तर खातं कायमचं जाईल. हातातलं पुस्तक दुसऱ्याला दिलं जाईल. त्या खात्यातच माझी सहा वर्षं होती, माझ्या कामाबद्दल संपादकांनी लिहिलेलं सगळं. ते गेलं तर मला ओळखणारा त्या जगात कोणी उरत नव्हता, आणि हिंगणघाटला जाण्यावाचून इलाज नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी दहापासून माणसं यायला लागली. सव्वाअकराला पुढच्या खोलीत चौदा-पंधरा जण होते. मी उभा राहिलो आणि खरं तेच सांगितलं. "माझं थोडं काम आहे. अर्धा तास खोली रिकामी लागेल."

"कर नं बाप्पा," एक लांबचे काका म्हणाले आणि सतरंजीवर फूटभर सरकले. "आम्ही काय तुले आडवे येऊन राह्यलो?"

बाकीच्यांनीही थोडं थोडं सरकून घेतलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"पेपर हाये त्याचा," ती म्हणाली.

काका आधी उठले. मग सगळेच. चपला हातात घेऊन माणसं बाहेर गेली. कोणी तरी रडणाऱ्या लहान मुलाला उचलून थेट मारुतीच्या देवळाकडे नेलं. गुरुजी जाता जाता म्हणाले, "आधी सोपे प्रश्न सोडवजो." आत्या आत गेली आणि वाटीत दही घेऊन आली. माझ्या तळहातावर चमचाभर घातलं. "साखर नाई देत," ती हळू आवाजात म्हणाली. "तेरवी व्हायची हाये. दह्यावरच भागव."

मी ते खाल्लं. आंबट होतं.

साडेअकराला पडद्यावरून एका तरुण मुलीचा आवाज आला. ती इंग्रजीत बोलत होती आणि फार नम्रपणे बोलत होती. मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, ओळखपत्र चेहऱ्याजवळ धरा. केस आणि मिशी का नाहीत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, वडील वारले, आमच्याकडे तशी रीत आहे. वाईट वाटलं, असं ती म्हणाली. मग तिनं खोली दाखवायला सांगितली. मी लॅपटॉप उचलून सगळीकडे फिरवला. पडद्यावर लाल चौकट उमटली. खोलीत दुसरी व्यक्ती आहे.

"कृपया त्यांना बाहेर जायला सांगा," ती म्हणाली.

मागे वळून पाहिलं. कोपऱ्यात, जिथं बाबांना निजवलं होतं तिथं दिवा होता, आणि पाटावर हार घातलेला फोटो. बाजारच्या टोपीतला.

मी म्हणालो, तो फोटो आहे, माझ्या वडिलांचा. तिला ते कळलं. पण लाल चौकट गेल्याशिवाय यंत्र तिला पुढं जाऊ देत नव्हतं, आणि तेही ती तितक्याच नम्रपणे सांगत होती. खोलीत दुसरीकडे कुठं कॅमेरा लावता येईल का म्हणून पाहिलं. एका बाजूला दार होतं आणि दाराच्या फटीत माणसांचे चेहरे.

मी आत्याला हाक मारली नाही. तिनं दाराच्या फटीतून पाहिलं असावं. ती आत आली. काय झालं हे मी बोटानंच दाखवलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि बाहेर नेला. दिव्याला हात लावला नाही. दार ओढून घेताना मला दिसलं, ओट्यावर बाबा बसत त्या जागी तिनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतः शेजारी बसली.

चौकट गेली. तपासणी पुढं बारा मिनिटं चालली. त्या बारा मिनिटांत बाहेरून एकही आवाज आला नाही. नवीन माणसं आली असणार, कारण दार उघडलं तेव्हा ओट्यावर आणि अंगणात तीसेक जण बसलेले होते, फोटोकडे तोंड करून. कोणी आत येत नव्हतं. खातं सुरू झाल्याचं पत्र चार वाजता आलं.

संध्याकाळी गुरुजींनी विचारलं, "कसा गेला?"

"बरा गेला," मी म्हणालो. खोटं वाटलं नाही.

भाऊजींना मी तेरवीच्या दिवशी सांगितलं की आम्ही इथंच राहू. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्याचं चालते इथं." एवढंच. सूची वेळेवर गेली.

नंतर एकदा मी आईला विचारलं, बाबांना हे पेपरचं कुठून सुचलं. ती मेथी निवडत होती. वाडीवाला आमच्या वाट्याची भाजी अजूनही घरी आणून टाकतो. ती म्हणाली, "पयले ते खरंच सांगत. काम करून राह्यला म्हणत. वर्षभर सांगितलं. लोक म्हणत, घरीच तं हाये नं, आणि सरळ आत येत. मंग एक दिवस तुले टेबलावर डोकं ठेवून बसलेला पाह्यलं त्यायनं. दुसऱ्या दिवसापासून पेपर सुरू झाला."

मला तो दिवस आठवत नाही. असे पुष्कळ होते.

महिन्याभरानं नवीन पुस्तक आलं, नद्यांवरचं, साडेपाचशे पानांचं. दुसऱ्याच दिवशी गल्लीतली एक मावशी मोबाइल घेऊन दारात आली. मी उठून बाहेर गेलो आणि म्हणालो, "मावशी, काम चालू आहे. संध्याकाळी या."

"कर नं काम," ती म्हणाली आणि माझ्या आधी आत येऊन बसली. तिचा फॉर्म भरून झाला तेव्हा मी एकशे नव्वदाव्या पानावरून एकशे साठाव्यावर आलो होतो.

त्यानंतरच्या सकाळी आई मेथीची पाटी घेऊन स्वयंपाकघरातून उठली, माझ्या टेबलाशेजारून गेली आणि ओट्यावर जाऊन बसली. दहाच्या सुमाराला बाहेर कोणाची तरी चाहूल लागली. सुतळी तुटल्याचा आवाज आला आणि मग आईचा.

"पेपर हाये त्याचा. सांजच्याले येजो."

"अजून? कितवा व्हय हा?"

"मोजले नाई," आई म्हणाली.