वज्रिका, गगनभेद आणि आमची बार रूम

कोर्टातल्या केसला निदान तारीख तरी मिळते. किस्से मात्र नुसतेच साठत जातात! बीडच्या आमच्या बार रूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर तर जरा जास्तच साठलेत. तिथं आम्ही तिघं बसतो आणि तिघंही सुपरहिरो कॉमिक्सचे कट्टर फॅन. फौजदारी केसेसमध्ये ज्यांचा दरारा आहे ते नाना, त्यांचे जुने दोस्त कदीरभाई वकील आणि मी. नाना वज्रिकाचे भक्त. वीज हातात धरणारी, एकटीनं टोळ्या लोळवणारी वज्रिका! कदीरभाईंचा जीव उडणाऱ्या गगनभेदवर. मी दोघांचीही.

*

नवी होते तेव्हा त्या टेबलाशी मला कुणी बसूच देईना. शेवटी कदीरभाईंनी माझी उलटतपासणी घेतली.

"गगनभेदला उडायला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. कड्यावरून पडता पडता शिकला."

कदीरभाई उठले आणि स्वतःची खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "बसा मॅडम. सनद तुमाला आत्ता मिळाली!"

*

एकदा जामिनाच्या अर्जाची सुनावणी होती. नाना कोपऱ्यात जाडजूड फाइल उघडून बसले होते. आत अर्थातच वज्रिका! पक्षकार बिचारा किती वेळ हात जोडून उभा.

"साहेब, माजीच केस वाचताव का?"

नानांनी मान वर केली नाही. "हां. थांब जरा, तुला आत्ताच डोंगरावरून ढकललंय!"

जामीन मात्र झाला बरं का. पहिल्याच तारखेला!

*

नानांच्या घरी साफसफाईत कॉमिक्सचा गठ्ठा चुकून रद्दीत गेला. नाना कोट न काढता रिक्षानं रद्दीच्या दुकानात. दुकानदार गठ्ठ्यावरच बसून वाचत होता.

"हे माझं आहे!" नाना गरजले.

"असू द्या की. दोनच पानं ऱ्हायलीत, मंग न्या."

ज्यांच्या आवाजानं अख्खा व्हरांडा गप्प होतो, ते नाना दोन पानं उभे राहिले. वर विचारलं, "कुठवर आलास?"

*

पुण्याहून एक वकील आले होते. टेबलावरचा ढीग बघून हसले. "बीडमध्ये कॉमिक्स वाचतात?"

कदीरभाई शांतपणे म्हणाले, "न्हाई. आमी पाठ करतो!"

आणि खरंच, गगनभेदचा पहिला अंक त्यांनी त्या पुणेकरांना अख्खा म्हणून दाखवला. पाहुण्यांचा चहा गार झाला!

*

आणि गयाबाई. शिरूर कासारकडची, मेंढरं राखणारी. गावच्या पुढाऱ्याच्या मुलानं एकाचं डोकं फोडलं, ते बघणारी ती एकटीच. आम्ही जखमीच्या बाजूनं, सरकारी वकिलांच्या मदतीला. साक्षीच्या दिवशी ती आमच्या टेबलाशी बसली होती, पदर पार नाकापर्यंत ओढून. दारात पुढाऱ्याची दोन माणसं मिशा पिळत उभी.

नानांनी वज्रिकाचा अंकच तिच्यापुढं ठेवला. मुखपृष्ठावर ती होतीच, डोळ्यांवर काळा मुखवटा, मुठीत वीज.

"ही बाई कोन हाय?"

"वज्रिका. कुणाच्या बापाला भीत न्हाई!"

"मंग तोंड कावून झाकलंय?"

"लोकांनी वळखू नये म्हणून."

गयाबाईनं चित्र बराच वेळ न्याहाळलं. "मंग भितीय की!"

तेवढ्यात पुकारा झाला. ती उठली. आम्ही तिघं मागोमाग आत गेलो. पुढारी समोरच्याच बाकावर बसला होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून तिनं पदर सरळ मागं सारला. नाव विचारलं, तिनं खणखणीत सांगितलं. गाव सांगितलं. मग पुढाऱ्याकडं वळून म्हणाली,

"आन् घर मारुतीच्या देवळामागं हाय. दार उघडंच असतंय!"