मातीचे डोहाळे आणि नागसेनची भट्टी

आमच्या शेजारची मयुरी डोक्यानं शांत, असं अख्खं सोनाळा म्हणतं. मला नाही पटत. ती राग गिळते, एवढंच. त्या सकाळी मात्र तिनं तो गिळला नाही.

तिचा नवरा नागसेन ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. जुन्या प्लेटा काढायच्या, शिसं वितळवायचं, पुन्हा ओतायचं. भट्टी घराच्या अंगणातच. पहिल्या मुलाच्या, ऋत्विकच्या वेळी मयुरीला डोहाळे लागले ते मातीचे. आपल्याकडे बायकांना लागतात, त्यात नवल काही नाही. सासू सिंधूताई अंगणातल्या मातीच्या भिंतीचे पोपडे काढायच्या आणि तव्यावर भाजून मोठ्या मायेनं तिच्या हातावर ठेवायच्या. कोणाच्या मनात पाप नव्हतं.

ऋत्विक चार वर्षांचा झाला. बोलत नाही, हाकेला वळत नाही, पंख्याकडे मात्र बघत बसतो. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम सांगितला. आता मयुरीला पुन्हा दिवस गेले आणि जीभ पुन्हा त्याच मातीकडे ओढायला लागली. या खेपेला तिनं बाईंना मातीचं, भट्टीचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं, तर त्यात शिसं बरंच जास्त निघालं.

"माती आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "भट्टीच्या धुरातलं शिसं त्या भिंतीवर बसतं. भट्टी घरापासून लांब न्या. आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं."

नागसेन तिच्या शेजारीच उभा होता. "म्हंजे माह्या पोराले म्याच असं केलं?"

"तसं कोणीच सांगू शकत नाही. ऑटिझमचं एकच एक कारण नसतं. शिशाचा त्याच्याशी किती संबंध, यावर अजून अभ्यास चालू आहे. पण शिसं बाळाच्या मेंदूला वाईट, हे नक्की."

नागसेननं यातलं काही ऐकलं असेल तर शपथ. आपल्यावर आळ आला, एवढंच त्यानं घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पुन्हा पेटली. धूर पाहून माझं तर डोकंच फिरलं. पण भांडण कुंपणापलीकडचं, मी कोण बोलणार?

"अजूक पेटवून राह्यले?" मयुरी दारात आली. ऋत्विक तिच्या मागोमाग येऊन उंबऱ्यावर बसला.

"माहा बाप याच भट्टीवर जगला. त्याले काय झालं? आता हलवली तं गाव म्हणन, नागसेननंच पोराचं वाटोळं केलं."

"म्हणू द्या गावाले! भट्टी तुमची, माती म्या खाल्ली, भाजून तुमच्या मायनं देली. कोणाले दोष देऊ? ऋत्विकचं कोणी सांगू शकत नाही. पण याचं तं सांगून राह्यले ना!" तिनं पोटावर हात ठेवला.

सिंधूताई चुलीपुढून उठून आल्या. नागसेननं मान फिरवून भट्टीत आणखी कोळसा टाकला. तेव्हा मयुरीनं पदर खोचला, सरळ पुढे गेली आणि प्लेटांच्या ढिगाला हात घातला. "तुमच्यानं होत नसन तं मीच फेकून देईन."

"हात नको लावू त्याले!" नागसेन एवढ्यांदा ओरडला की मी दचकले. "पोटात लेकरू हाय, समजत नाही काय तुले?"

बोलून गेला आणि स्वतःचेच शब्द ऐकून थबकला. डोळे भरून आले होते. मग त्यानं भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढले.

"ऋत्विकले घेऊन आत जाय," तो म्हणाला. "धूर हाय इथं."