फुलोऱ्याची मुरड

करंजीच्या काठाला मुरड घालायला मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. तुळजापुरात आमच्या गल्लीत, नवरात्रात घटावर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या दरवर्षी त्याच करायच्या. त्यांची एकही करंजी कधी तेलात उकलली नाही.

काका वारले, त्या वर्षी बायकांनी ठरवलं, फुलोऱ्याला विधवेचा हात नको. सांगायला कोण जाणार? त्यांची लाडकी म्हणून मीच गेले.

"काकू, यंदा तुम्ही येऊ नका."

काकू फुलोऱ्याचंच पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बरं. मुरड घट्ट घाल, न्हायतर सारण तेलात सांडंल."

मी घाईत मुरड घातली. पहिल्याच घाण्याला चार करंज्या फुटल्या, गूळखोबरं करपलं, तेल काळं झालं. चूक माझ्या बोटांची होती, हे मला तिथंच कळलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"काकूंची हाय लागली," मी म्हणाले.

ते सगळ्यांना लगेच पटलं. तेव्हापासून गल्लीत कुणाकडंही तळण असलं, की बायका काकूंच्या घराकडची खिडकी लावून घेतात.

मीही लावते.