बिस्किटांचा ठराव

रेव्हरंड शांतवन आढाव १९९८ साली पाळकपदावरून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत सर्वधर्म स्नेहमंडळ जन्माला आलं. निवृत्त माणसाला काहीतरी लागतंच. चार वर्षांत सत्तावीस बैठका झाल्या. त्यांतल्या वीस, व्यासपीठावर मध्ये कोणी बसायचं यावर. हिंदू-मुसलमान मुकाट सरकून बसत. घोडं अडायचं ते कॅथलिक फादर आणि आढावांपाशी. दोघांचा प्रभू एक, पण मधली खुर्चीही एकच. शेवटी मध्ये फुलदाणी बसवली.

मग खाण्याचं आलं. कुणाचा उपास, कुणाला हलालच हवं, कुणाला केकमधलं अंडं वर्ज्य. आढावांनी ठराव मांडला: सभासदांनी परधर्मीयांच्या घरचे पदार्थ स्वीकारू नयेत, चहा आणि पुड्यातली बिस्किटं पुरेत. मंडळाचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. आढावांनी अध्यक्ष म्हणून सही ठोकून प्रती वाटल्या.

त्याच नाताळात त्यांनी शेजारच्या हाजराबींकडे करंज्यांचं ताट पाठवलं. ठराव काय, लोकांसाठी असतो. तीस वर्षं ते ताट दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून जायचं आणि भरून परत यायचं. रिकामं भांडं परतवायची रीतच नव्हती. आढावबाई गेल्या तेव्हा चाळीस दिवस त्याच ताटातून जेवण आलं होतं. या वेळी ताट आलंच नाही. बकरी ईदही होऊन गेली. मंडळ मोडलं असतं तर आढाव कूस बदलून झोपले असते. हे मात्र सोसेना. हाजराबींच्या दारात गेले.

"ताट घासून ठेवलंय हो पाद्रीबाबा," हाजराबी म्हणाल्या. "रिकामं धाडवत नाही, नि भरून धाडायला तुमची बंदी."

"तो कागद मंडळापुरता, हाजराबी."

"मग आमच्या अहमदच्या हातात कशाला दिलात? मंडळ म्हणजे काय त्या खुर्च्या?"

पाळक होण्यासाठी शिकलेल्या चार वर्षांच्या धर्मशास्त्रात हा प्रश्न आला नव्हता.

"अम्मी, बिस्किटाचा पुडा दे त्यांना," अहमद आतून म्हणाला. तो मंडळाचा चिटणीस.

"ठराव रद्द केला, लिही," आढाव म्हणाले.

"एकट्या अध्यक्षाला अधिकार नाही, बाबा."

"मग राजीनामा लिही. सभासदत्वाचासुद्धा."

त्याने लिहिला, आढावांनी सही केली, आणि हाजराबींनी ताटात तांदळाची वाफवलेली सांदणं रचली. आढावांनी पहिलं तिथंच, उभ्याउभ्या खाल्लं.

मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. शाल कपाटात गेली. नारळ आढावांनी स्वतः खवला आणि वड्यांचं ताट गडग्यावरून धाडलं. मंडळाच्या हातून धर्मांमधलं काही कार्य झालं म्हणायचं, तर तो नारळ.