बाथरूममधलं गॅबन

गॅबन या देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर, अगदी पाण्याला टेकून, मी एक डोंगर उभा केला. चांगला दीड फूट उंच. वर बुरूज, बाजूने उतरत आलेली तटबंदी, पायथ्याशी दरवाजा, आणि त्या दरवाज्यापासून वर जाणाऱ्या, सुरीने कापून काढलेल्या एकवीस पायऱ्या. मातीचे हात कमरेवर ठेवून मी स्वतःवर खूश होत उभा होतो, तेवढ्यात लेक गॅरेजमध्ये आली. तिने मॉडेल बघितलं, हातातला नकाशा बघितला, पुन्हा मॉडेल बघितलं.

"बाबा, गॅबनला गेट का आहे?"

"बंदर आहे ते."

"डोंगरावर?"

मी विषय बदलायला गेलो, पण विषय दीड फूट उंच होता.

झालं होतं असं, की लेक यंदा सहावीत. शाळेत चिठ्ठ्या टाकून मुलांना देश वाटले. कुणाला जपान आला, कुणाला ब्राझील, आमच्या वाट्याला गॅबन. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा देश. एका बाजूला अटलांटिक, पोटातून जाणारं विषुववृत्त, आणि बाकी बघावं तिकडे जंगल. प्रत्येकाने आपल्या देशाची जमीन आणि हवामान दाखवणारं मॉडेल करायचं, आणि गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये त्याच्याशेजारी उभं राहून येणाऱ्या आईबापांना तीन मिनिटं माहिती सांगायची.

मॉडेल म्हणजे काहीच नव्हतं. प्रश्न त्या तीन मिनिटांचा होता. पाचवीत वर्गासमोर मधमाश्यांवर बोलताना ही दोन वाक्यांनंतर थांबली. वर्ग वाट बघत राहिला, बाई वाट बघत राहिल्या, आणि ही शेवटी गुपचूप जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून, लोक 'मी व्हेजिटेरियन आहे' म्हणतात त्या सुरात, ही 'आय अ‍ॅम नॉट अ टॉकिंग पर्सन' म्हणायला लागली. पण गॅबनची चिठ्ठी आली त्या दिवशी सीरियल खाता खाता मला म्हणाली, "बाबा, या वेळी मला पूर्ण बोलायचंय. मध्ये न थांबता. ओन्ली, मॉडेल इतकं भारी पाहिजे की सगळे त्याच्याकडे बघतील, माझ्याकडे नाही."

"सोड माझ्यावर," मी म्हणालो.

हे दोन शब्द ऐकले की आमच्या घरात बायको आधी फ्रीज बंद करते, मग गॅस, आणि मग माझ्याकडे वळून बघते.

आता माझी बाजूही समजून घ्या. मी साताऱ्याचा. लहानपणी दर दिवाळीला अंगणात किल्ला केलेला माणूस. दगड रचायचे, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल थापायचा, आणि वर अळीव पेरून हिरवळ उगवायची. एवढीच काय ती माझी कला. दिवसभर चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून धुळीच्या एका कणाच्या मागे लागणाऱ्या माझ्या हातांना चिखल मिळाला, की ते मला न विचारता किल्ला करतात. मी गॅबनच करायला बसलो होतो. खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. मागच्या गल्लीत मुलाकडे राहायला आलेले, वर्ध्याचे, भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. अ‍ॅरिझोनातल्या आमच्या चँडलर गावाचं ऊन चढायच्या आत फिरून यायचे आणि आमच्या गॅरेजच्या सावलीत दम खायचे.

"काय करून राहिले हे?"

"गॅबन आहे, काका."

काकांनी चष्मा पुसला. "गॅबन? तुम्ही तर आफ्रिकेत सह्याद्री नेऊन ठेवला ना जी! किनारपट्टी सखल असते तिथं. खारफुटी कुठाय? खाजणं कुठायत? डोंगर आतल्या अंगाला, पठार पूर्वेला. आणि मोठी नदी कुठं गेली?"

"पायऱ्यांच्या खाली आहे बहुतेक."

लेक एकदम हसली. काकांना तिने नकाशा दाखवला, आणि दोघं मिळून माझ्या किल्ल्याची कुठून कुठून खांडोळी करायची ते पेन्सिलीने आखायला लागले. तोवर चँडलरच्या हवेने चिखल विटेसारखा भाजून काढला होता. हातोडा आणावा लागला. बुरूज पाडताना मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. पाडणारी माझीच मुलगी होती आणि तिला फार मजा येत होती.

नवा देश बरा झाला. किनाऱ्यालगत सपाट पट्टी, तिथे खाजणं, पूर्वेकडून वळणं घेत येणारी नदी, समुद्राला मिळण्याआधी तिचे फाटे. मधे कुठे कुठे मोकळं गवताळ रान. लेक म्हणाली, जंगलासाठी हिरवा स्पंज चिकटवू. मी म्हणालो, छे! जिवंत जंगल. अळीव!

अळीव फ्रीजरमध्ये होते, बायकोने लाडवांसाठी ठेवलेले.

"किती घेतलेस?" तिने विचारलं.

"चिमूटभर."

मग तिला रिकामी पिशवी सापडली. "चिमूट मोठी आहे तुझी," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कोंब आले. अख्खं गॅबन पोपटी झालं. लेकीने शाळेत जाण्यापूर्वी आठ फोटो काढले. दुपारी चार वाजता ती परत आली तेव्हा जंगल आडवं झालं होतं. बाहेर ऊन, घरात एसी, आणि दोन्हीकडची हवा पापडासारखी कोरडी. लेकीने एक कोंब बोटाने उभा केला. तो पुन्हा पडला.

"गुरुवारपर्यंत राहील का?" तिने विचारलं. तिचा आवाज मला आवडला नाही.

मी काकांना फोन केला.

"विषुववृत्तीय हवामान," काका पाठ केल्यासारखं म्हणाले, "वर्षभर उष्ण आणि दमट. तुमच्याकडे उष्ण आहे. दमट कुठाय?"

अशा रीतीने आमच्या पाहुण्यांच्या बाथरूमचं गॅबन झालं. टबवर फळी, फळीवर देश. कोपऱ्यात हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर, दाराच्या फटीत टॉवेल, एसीच्या झरोक्यावर पुठ्ठा, आणि दिवसातून तीनदा गरम पाण्याचा शॉवर भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं सोडायचा. आरशावरून घामाचे ओघळ यायला लागले. टॉयलेट पेपरचा रोल फुगून भोपळ्याएवढा झाला. आणि अळीव, काय सांगू, अळीव वेड्यासारखे वाढले! सकाळी अर्धं बोट, संध्याकाळी बोटभर. एका कोपऱ्यात अळंबीची छोटी छत्रीसुद्धा उगवली. लेक आनंदाने किंचाळली, मी किंचाळलो, आणि बायको किंचाळली, पण तिचं कारण वेगळं होतं.

मी त्या आठवड्यात दोन दिवस घरून काम करत होतो. एका मीटिंगच्या मध्येच शॉवरची वेळ झाली, तर मी लॅपटॉप घेऊनच आत गेलो. बॉसने विचारलं, तू सॉनामध्ये आहेस का? मी म्हटलं, नाही, गॅबनमध्ये. त्याने माझ्या सुट्टीचं कॅलेंडर उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेवढ्यात वाफेने दाराबाहेरचा स्मोक अलार्म वाजायला लागला. मी म्यूट करायला गेलो आणि घाईत लॅपटॉपच मॉडेलकडे वळला. ऑफिसच्या अकरा माणसांनी घनदाट अरण्यामागे आमचा कमोड पाहिला.

लेकीने दारावर कागद चिकटवला: आत जा, दार लगेच लावा, पंखा लावू नका. रोज शाळेतून आली की हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र बघायची आणि वहीत लिहायची. एके दिवशी मी खिडकी थोडी उघडली. बाथरूमच्या भिंतीचा रंग सुटायला लागला होता.

"बाबा! काय करतोयस?"

"कोरडा ऋतू," मी म्हणालो. "तिकडेही असतो ना चार महिने? वाचलंय मी."

"असतो. पण तो ढगाळ असतो. पाऊस नसतो, पण सूर्य पण नसतो. धुकं असतं, म्हणून जंगल सुकत नाही. हे अ‍ॅरिझोना नाहीये. क्लोज इट."

मी खिडकी लावली. अ‍ॅरिझोनात इतकी वर्षं काढलेल्या माझ्या डोक्यात, पाऊस नाही आणि ऊनही नाही असा ऋतू काही केल्या बसेना.

रविवारी मित्रमंडळी जेवायला आली. जो तो बाथरूमला जाऊन दमट होऊन बाहेर यायचा. जेवताना एका वहिनींनी लेकीला विचारलं, "काय गं, कुठला देश आहे तो?" आणि मी सांगायला सुरुवात केली. किल्ला, हातोडा, काका, कमोड. लोक हसून हसून लोळले. ताटं वाळली तरी मी सांगत होतो. लेकीने एकदा तोंड उघडलं होतं. मग तिने त्यात भात घातला.

गुरुवार आला. बाहेर अजून भट्टी पेटल्यासारखी हवा. लेकीने हुकूम काढला: गाडीत एसी बंद, काचा बंद. मागच्या सीटवर ती, तिच्या मांडीवर देश, देशावर ओला पंचा. पुढे आम्ही दोघं. ह्युमिडिफायर बायकोच्या मांडीवर, चालू. पहिल्या सिग्नललाच समोरची काच आतून धूसर झाली. मी रुमालाने पुसतोय, बायको म्हणतेय, "लाल आहे, लाल आहे," आणि मागून आवाज, "डोंट ओपन द विंडो!" शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? बायकोने त्याला ह्युमिडिफायर उचलून दाखवला. तो घाईने पुढे गेला.

शाळा आली. आता फक्त पार्किंग लॉट ओलांडायचा होता. मी फळी उचलली आणि धावलो. पंचा उडाला. कोरडा गरम वारा सुटलेला, खालून डांबर तापलेलं, आणि जिमच्या दारात पोचतो तोच आतल्या एसीचा झोत अंगावर. टेबलावर देश ठेवला तेव्हा जंगलाचा पश्चिमेकडचा सगळा भाग झोपलेला. आणि आम्ही बघता बघता, तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखं, पूर्वेकडचंही खाली बसलं.

लेक बघत राहिली. तिचे ओठ आवळले गेले. मला ती मधमाश्यांची गोष्ट आठवली. सगळे बघतील असं मॉडेल तिला हवं होतं, आणि आता सगळ्यांना दिसणार होतं ते हे. समोरून पहिले आईबाप येतच होते. मी पुढे सरसावलो, घसा साफ केला. माझ्याकडे किल्ल्यापासूनची अख्खी गोष्ट तयार होती. हशा नक्की होता.

"सो, व्हॉट हॅपन्ड इज..." मी सुरुवात केली.

माझ्या कोपराला एक हात लागला. "बाबा. प्लीज नको."

मी बाजूला झालो. बायकोने मला आणखी एक पाऊल मागे ओढलं.

लेक इंग्रजीत बोलली, ते साधारण असं: "हे गॅबन आहे. पार्किंग लॉटपर्यंत इथे वर्षावन होतं." ते आईबाप हसले. ती थांबली. तिने बोटाने एक झाड उभं केलं, ते पडलं, आणि ती म्हणाली, "का पडलं, सांगू?"

आणि सुटलीच. माती तीच आहे, बी तेच आहे, बदलली ती फक्त हवा. विषुववृत्तावर ऊन वर्षभर डोक्यावर, शेजारी समुद्र, त्यामुळे हवा कायम ओली. झाडं मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वर सोडतात, त्याचे ढग होतात, ते पुन्हा झाडांवरच पडतात. म्हणजे जंगल स्वतःच्या पावसातला पुष्कळसा पाऊस स्वतःच करतं. मग तिने नदी दाखवली, खारफुटी दाखवली, ऊन नसलेला कोरडा ऋतू समजावला. भोवती माणसं वाढत गेली. जपानवाले आपला डोंगर सोडून इकडे आले. एका आजोबांनी विचारलं, "मग आमच्या अंगणात हे का उगवत नाही?" तिने त्यांच्याकडूनच उत्तर काढून घेतलं.

तीन मिनिटं कधीच संपली होती. मला राहवेना. तिचा एक मुद्दा सुटला होता, पूर्वेकडच्या पठाराचा. मी मागून हात वर केला.

"सर," माझी मुलगी मला म्हणाली, "क्वेश्चन्स अ‍ॅट द एंड."

घरी येताना काचा उघड्या होत्या. मागच्या सीटवर मेलेलं जंगल मांडीवर घेऊन ती काकांना फोनवर सगळं सांगत होती, मराठी आणि इंग्रजीची मिसळ करून, आणि पलीकडून काका मधूनमधून फक्त "वा, वा जी" म्हणत होते. घरी पोचलो तरी ती गाडीतून उतरेना. आम्ही दोघं गॅरेजमध्ये उभे राहिलो.

"मी उगाच घाबरत होतो," मी म्हणालो. "एवढी लाजाळू मुलगी, आणि..."

"लाजाळू नाहीये रे ती," बायको म्हणाली. "आपल्या घरात बोलायला तिचा नंबरच लागत नव्हता."

मला यावर बरंच काही म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"बघ," ती म्हणाली.