एकाच ताग्याचे झगे

दुष्काळाच्या साली वैजिनाथआप्पाच्या दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा गावाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. युसूफ वडगावच्या पलीकडचं ते लहानसं गाव. तिथं पोराबाळांच्या कपड्यांसाठी एकच जागा होती, ती म्हणजे आप्पाचं दुकान. केजचा बाजार लग्नसराईत, नाहीतर सणाला. एरवी पोराच्या उंचीची सुतळी तोडायची, तिला गाठ मारायची आणि ती कनवटीला लावून आप्पाकडं जायचं. पोराला बरोबर न्यायचं नाही. दोरीवर टांगलेल्यांतला सगळ्यात भारी झगा बघून ते भोकाड पसरणार, हे प्रत्येक आईबापाला अनुभवानं ठाऊक होतं. आप्पा सुतळी ताणून बघायचा आणि हमखास म्हणायचा, "चार बोटं जास्तीचं घ्या. पोरगं वाढतंय, सुतळी वाढत न्हाई."

बौद्धवाड्यातल्या बायाही तिथंच यायच्या, पण पायरीखाली उभ्या राहायच्या. शहादेवची बायको मनकर्णा एकदा अशीच उभी होती. लेक सुजाता नुकती पावलं टाकायला लागली होती, तिला पहिला विकतचा झगा घ्यायचा होता. शिवण कशी आहे बघावी म्हणून मनकर्णानं टांगलेल्या झग्याकडं हात नेला, तोच आतून आप्पाची बायको नीलाबाई कडाडली, "हात लावू नको गं! घ्यायचा तर तसाच घे."

मनकर्णा झगा न घेताच माघारी फिरली. बाई मोठी हट्टाची. घरी येऊन तिनं नवऱ्याचा जुना सदरा फाडला आणि हातानंच झगा शिवला. तो असा काही वाकडातिकडा झाला, की शहादेव म्हणाला, "पोरीला घालतीस का बुजगावण्याला?" दुसरी कुणी असती तर हसली असती. ही केजच्या शिवणवर्गाला जायला लागली. भावानं औरंगाबादहून जुनं मशीन एसटीच्या टपावर टाकून आणून दिलं. सुजाता तुरुतुरु पळायला लागली, तोवर मनकर्णाचा हात असा बसला होता की खडूची रेघ न ओढता ती गळा कापायची. वाड्यातली पोरं तिनं शिवलेलं घालायची. गावातलं मात्र कुणी तिच्या ओट्याकडं फिरकत नव्हतं. गावाला आपला शिंपी होता.

मग पाऊस गेला. पुढच्या सालीही आला नाही. शिंप्यानं मशीन बैलगाडीत टाकलं आणि बायकापोरांसकट तो साखर कारखान्याकडं निघून गेला. आप्पाच्या दुकानात औषधालासुद्धा गिऱ्हाईक उरलं नाही. जिथं रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर मिळायची मारामार, तिथं झगा कोण घेणार? कुलूप लावून आप्पा आणि नीलाबाई पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आले. वाण्याची बायको डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन चालली आहे, हे बघून बाया आपली घमेली खाली ठेवून बघतच राहिल्या. मनकर्णालाही बरं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं तिला आदल्या दिवसापर्यंत वाटत होतं.

अशात सोसायटीत कंट्रोलचं, म्हणजे सरकारी भावाचं, कापड आलं. सोसायटीचा सेक्रेटरी माणिकराव गाडीभर तागे घेऊन आला. सगळं गाव चावडीपाशी गोळा झालं, आणि ताग्यांवरचं फडकं काढल्यावर जो तो मान पुढं करून बघायला लागला. एकूण एक ताग्याचं कापड तेच! तपकिरी अंग आणि त्यावर पिवळे ठिपके.

"ह्ये माणसाच्या लेकरांचं हाय का बिबट्याच्या?" छबुबाई म्हणाली. ही बाई अशी की देवळात कीर्तन चालू असलं तरी गप्प बसायची नाही.

"सरकारनं धाडलं त्ये आणलं," माणिकराव वैतागून म्हणाला. "नको आसल तर फिरवा पोरं उघडी."

सगळ्यांनी घेतलं. आणि घेतल्यावर ध्यानात आलं, की शिवणार कोण? गावात उरलेलं मशीन एकच होतं, आणि ते बौद्धवाड्यात होतं.

आधी पोरांच्या हातून कापड आलं, मग म्हाताऱ्या आल्या, मग छबुबाई स्वतःच येऊन ओट्यावर मांडी घालून बसली आणि पाणी मागून प्याली. ते बघून उरलेल्या आल्या. आपल्या दारात गावातल्या बायांची चपला काढून रांग लागलेली मनकर्णा बघायची आणि तिचं तिलाच खरं वाटायचं नाही. नीलाबाई सगळ्यांत शेवटी आली. गल्लीतूनच तिनं कापडाची घडी ओट्यावर टाकली, वर सुतळी टाकली.

"महानंदाचं माप हाय," सुजाताएवढ्याच आपल्या लेकीचं नाव घेत ती दुसरीकडं बघत म्हणाली.

मनकर्णानं घडी उचलली नाही. "नीलाक्का, मला हात लावल्याबिगर शिवता येत न्हाई. चालंल का?"

नीलाबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. घडी तिथंच ठेवून ती निघून गेली. मनकर्णानं झगा शिवला, अगदी नीट शिवला. पुढं पोरगी वाढली की सोडता यावी म्हणून घेराला आत रुंद दुमड घातली. उरलेल्या चिंध्यांची उन्हासाठी टोपरीही शिवून दिली, एकट्या महानंदाला नव्हे, सगळ्याच पोरींना. शिंपी आणि चिंधी परत करतो, हे त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

आता कामावर मजाच झाली. जिकडं बघावं तिकडं ठिपकेवाली पोरं. आया माती वाहायच्या आणि ही सगळी बाभळीखाली लोळायची. "सोसायटीची पिल्लं" असंच नाव पडलं त्यांना. सांजच्याला सरकारी खाऊची सुकडी वाटून झाली की छबुबाई ओरडायची, "तोंड बघून न्या गं आपापलं! पाठीवरून न्याल तर दुसरीचं पोसत बसाल." बाया खळखळून हसायच्या. त्या दिवसांत हसायला असंच काहीबाही लागायचं.

त्या दिवशीही हा विनोद सकाळी एकदा झालाच होता.

तलावाच्या मधोमध काळा खडक लागला होता. तो फोडायला सुरुंगवाले आले होते. त्यांची रीत ठरलेली. दुपारच्या सुट्टीत माणसं लांब गेली की लाल निशाण, मग शिट्टी, मग वात. त्या दिवशी काय झालं ते देव जाणे. मुकादमाला वाटलं सुरुंगवाला सुट्टीपर्यंत थांबेल, सुरुंगवाल्याला वाटलं मुकादमानं माणसं हलवली. शिट्टी वाजली ती वात पेटल्यावर, भर कामात, माणसं खड्ड्याच्या काठावर असताना.

"पळा! पळा बे! पेटली!"

एकच कालवा उठला. घमेली पडली, टिकाव पडले. मनकर्णा खड्ड्याच्या उगवतीच्या अंगाला होती. तिनं बाभळीकडं बघितलं. तिथली पोरं म्हाताऱ्यांनी ओढून नेली होती, त्यांत सुजाता नव्हती. गारगोट्या वेचायला ती आणि तिच्याएवढ्या दोघी-तिघी पोरी सारख्या खडकाकडं यायच्या, हाकललं तरी यायच्या. धुळीत तिला समोरच, दगडांच्या ढिगाशी, ठिपक्यांचा झगा आणि ठिपक्यांचं टोपरं दिसलं. पाठमोरी पोरगी वाकून खडे गोळा करत होती. मनकर्णानं तिला मागून उचललं, उराशी आवळलं आणि जीव घेऊन पळाली. मातीच्या भरावाआड अंग टाकलं, तेव्हा तिला वाटलं, वाचलो.

पोरीनं मान वळवली. ती महानंदा होती.

मनकर्णाच्या हातात धडधाकट, उबदार पोरगी होती आणि ती तिची नव्हती. तिला त्या पोरीचा राग आला. होय, राग आला. ही इथं का? ही वाचली आणि माझी कुठाय? तिनं भरावावरून डोकं काढलं. पळत सुटायला ती अर्धी उठलीही, पण महानंदानं दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली होती आणि ती सुटता सुटेना. मनकर्णा ती मिठी ओरबाडून काढत होती. एका लेकराचे हात गळ्यातून ओढून काढत होती ती.

तेवढ्यात खडक उडाला.

जमीन खालून हलली. दगड आभाळात गेले आणि मग पडायला लागले. मनकर्णा त्या पोरीवर पालथी पडून राहिली. कशी पडली, का पडली, तिला कधीच सांगता आलं नाही. धूळ नाकातोंडात जात होती आणि तिला एवढंच कळत होतं की सगळं संपलं.

धूळ खाली बसायला लागली, तेव्हा खड्ड्याच्या मावळतीच्या अंगाला एक बाई उभी दिसली. खांद्यावरून रक्त वाहत होतं, केस सुटले होते. तिच्या कडेवर ठिपक्यांचा झगा घातलेली पोरगी होती आणि बाई मात्र वेड लागल्यासारखी ओरडत होती, "महानंदा! माझी महानंदा!"

ती नीलाबाई होती. तिच्या कडेवर सुजाता होती.

दोघी एकमेकींकडं पळाल्या. खड्ड्याच्या काठाशी दोघींनाही थांबावं लागलं. मधली वाट राहिलीच नव्हती. जिथून त्या दिवसभर घमेली घेऊन जायच्या-यायच्या, तिथं पाट्याएवढाले धोंडे पडले होते. वळसा घालून त्या भेटल्या आणि त्यांनी पोरींची अदलाबदल केली. म्हणजे करायला गेल्या. सुजाता सुटेना. लिंगायत नीलाबाईच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची करंडी तिनं मुठीत धरली होती, आणि भ्यालेल्या पोराची मूठ ती, बोट बोट करून उघडावी लागली.

कुणा परक्यानं त्या करंडीला हात लावलेला गावानं कधी बघितला नव्हता. बाई रक्तानं भिजली होती आणि भोवतीच्या बायांचे डोळे मात्र करंडीवर होते. गाव म्हणजे तरी काय चीज असते बघा! आभाळ कोसळलं तरी आधी कोण कुणाला शिवलं ते बघणार. नीलाबाईनं मात्र करंडी साधी पुसलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी काम बंद होतं. सकाळपासून मनकर्णाच्या ओट्यावर बायांची झुंबड उडाली. प्रत्येकीच्या हातात झगा.

"माज्या पोरीच्या पाठीवर लाल फूल काढ, लई मोट्टं," छबुबाई म्हणाली. आज ती थट्टा करत नव्हती. "लांबून दिसलं पायजे. आसला घोळ पुन्ना व्हायला नको."

"माजीच्या झग्याला पांढरी पट्टी."

"मला हिरवा खिसा."

मनकर्णानं सगळ्यांचे झगे ठेवून घेतले. खूण हवीच, तिलाही पटलं होतं. सगळ्यांच्या आधी तिनं सुजाताच्या झग्याला पाठीवर हिरवं ठिगळ लावलं होतंच. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोरून ती मान वळवणारी पोरगी हलत नव्हती.

बाया गेल्यावर नीलाबाई आली. खांदा बांधलेला, चेहरा उतरलेला. आज ती गल्लीत थांबली नाही. ओट्यावर चढली, मशिनीच्या शेजारी बसली, आणि तिथं वाळत पडलेला सुजाताचा झगा तिनं उचलून बघितला. ठिगळावरून बोट फिरवलं.

"हे काल आसतं तर?" ती म्हणाली.

"म्हणूनच लावलं, अक्का."

"न्हाई. माजं ऐक." नीलाबाई मशिनीच्या चाकाकडं बघत बोलायला लागली. "काल सुजाता माज्या पायाशी व्हती. माजी त्या अंगाला, तुज्याजवळ. माज्या पोरीच्या झग्याला खूण आसती, तर ती मला तिकडं दिसली आसती. मी हिला तिथंच टाकून खडकावरून पळाले आसते. तुजी पोरगी हाय ह्ये कळून टाकलं आसतं, मनकर्णा. मला खोटं बोलता येत न्हाई."

बाई समोर बसून आपल्याच तोंडानं सांगते आहे, की मी तुझं लेकरू मरायला ठेवलं असतं! मनकर्णाला उठून नीलाबाईला ओट्यावरून खाली काढावं वाटलं. जुना सगळा राग वर आला, ती पायरी, तो झगा, ते 'हात लावू नको'. ती बोलायला गेली आणि तिच्या गळ्याभोवती कालचे ते दोन हात पुन्हा आवळले. ते तिनं कसे ओरबाडले होते, ते नखांना अजून आठवत होतं.

"मी बी," ती म्हणाली.

आपल्या तोंडून हे निघालेलं ऐकून ती स्वतःच हादरली. नीलाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"कळल्यावर मी तुज्या पोरीला ढकलत व्हते, अक्का. ती सुटली न्हाई म्हणून."

आपण दोघी त्या मधल्या वाटेवर, धोंड्यांखाली, कशा पडलो असतो, हे दोघींनाही लख्ख दिसत होतं. पोरी आपापल्या जागी, खडे वेचत.

मग नीलाबाईनं काखेतून महानंदाचा झगा काढला आणि मनकर्णाच्या हातात दिला. "उसवलाय थोडा. शिव. खूण घालू नको."

मनकर्णानं कात्री घेतली. आधी तिनं सुजाताच्या झग्याचं हिरवं ठिगळ टाका टाका करून उसवलं. सांजेला छबुबाई झगा न्यायला आली, तो तिनं उलटासुलटा करून बघितला आणि ती ओरडली, "अगं, लाल फूल कुठाय माजं? कावून न्हाई काढलं?"

मनकर्णानं मान वर केली नाही.

"पोरींपैकी कुणी दिसली की उचलायची," ती म्हणाली. "तोंड मागाहून बघायचं."