दोन्ही पंजे उघडे

"पाप म्हणायचं न्हाई म्हणजे न्हाई!" सुरज उंबऱ्यातूनच ओरडला. "सगळी गल्ली हसून राहिली. लेक अंगणवाडीत पाय ठेवती न ठेवती तोच पोरं ओरडतात, आलं बघा पाप."

"मग काय म्हणू?" लावण्या चुलीपुढून उठली नाही. "आमच्या बोधनला तेलुगूत लहान पोरीला पापच म्हणतात. माझी आई मला अजूनबी म्हणती."

"तुझ्या आईच्या दारात म्हण. या दारात पाप म्हणजे पापच असतंय."

"लेकराला तिचं नाव माहीत आहे. तुमालाच माहीत न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली. ती कोणी उलटली नाही.

सुरजची माय रुक्माबाई ओसरीवर बसून लाल फडक्याच्या घड्या घालत होती. तिला कामावर निघायचं होतं, पण नऊच्या जीपनं वसमतहून करुणा येणार होती. करुणा तिची थोरली लेक. येणार होती ती भाचीला न्यायला, वर्षभरासाठी. भाचीचे कपडे, चमचा आणि निळी वाटी भरलेली पिशवी दाराशी तयार होती. साडेतीन वर्षांची आकांक्षा त्या पिशवीला टेकून बसली होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आई बोलली की आईकडे, बाप बोलला की बापाकडे.

ती अजून बोलत नव्हती. हसायची, रडायची, सांगितलेलं आणून द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, घरात दोन भाषा आहेत, लेकरू गोंधळलं असेल, एकदा डॉक्टरला दाखवा. सुरजनं त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना त्यानं विषय काढला. करुणाक्काकडं ठेवू, नुसती मराठी कानावर पडेल, पोपटावानी बोलायला लागेल. लावण्यानं ताट सरकवलं. रुक्माबाई मात्र म्हणाली होती, "ठेवून बघू." तेवढे दोन शब्द. तेव्हापासून ते तिलाच खुपत होते.

कारण दोन भाषांमध्ये कुणी अडकलं तर काय करायचं, हे या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा संतराम गेला तेव्हा सुरज सहा वर्षांचा होता. रुक्माबाईनं हळद काढायची, शिजवायची टोळी धरली आणि वीस वर्षं ती चालवली. शिमग्याच्या आगेमागे वसमतच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर फिरू लागतात. ट्रॅक्टरमागं बॉयलर, बॉयलरभोवती चार ड्रम, ड्रममध्ये हळद आणि हळदीत वाफ. निम्मी माणसं गावची, निम्मी तेलंगणातून आलेली. पहिल्याच हंगामात तिनं वाफेचा कॉक सोडून हाक दिली, "चालू!" पलीकडच्या तेलुगू माणसानं लगेच झाकणाला हात घातला. त्याच्या भाषेत चालु म्हणजे पुरे. वाफ त्याच्या कानाजवळून गेली. बापडा वाचला, पण ड्रमभर हळद कच्ची राहिली आणि शेतमालकानं सगळ्यांची आई-बहीण काढली.

"याला टोळीतून काढा," गावची माणसं म्हणाली.

"तुमच्यातलं काढा," त्याची माणसं म्हणाली.

रुक्माबाईनं कुणालाच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती लाल फडकं घेऊन आली. फडकं वर म्हणजे वाफ सोडली, लांब राहा. दोन्ही पंजे उघडे, खांद्याच्या वर, म्हणजे वाफ बंद. आणि समोरच्यानं तीच खूण परत दाखवल्याशिवाय पहिल्यानं हात खाली घ्यायचा नाही. ऐकणारा हो म्हणाला, यावर तिचा भरवसा नव्हता. त्यानं करून दाखवलं पाहिजे. वीस वर्षांत तिच्या कुकरवर एकाचंही बोट भाजलं नाही.

सुरज त्याच कुकरवर वाढला, आता तो कुकर त्याचाच ट्रॅक्टर ओढायचा. लावण्या बोधनच्या टोळीबरोबर आलेली. या दोघांचं जमलं तेसुद्धा त्या खुणांवरच. तेव्हा त्याला तेलुगू येत नव्हतं आणि तिला मराठी. तेव्हा कुणाला तकलीफ झाली नव्हती.

"आता गप का बसलीस, माय?" सुरज आईकडे वळला. "सांग की हिला. वर्षाचा तर प्रश्न आहे."

"वर्षानं ती मला ओळखंल का?" लावण्या उठली. हाताला पीठ तसंच होतं. ती सासूकडं वळली. "अत्तम्मा, तुमीच सांगा. तुमच्यापासून सुरजला कुणी वर्षभर नेलं असतं तर?"

"माझ्यात अन् तिच्यात फरक आहे. मी बोलत होतो!"

"तुमी बोलता म्हणूनच ती गप बसती."

सुरजनं हात उगारला नाही, पण पाण्याचा तांब्या भिंतीवर असा आदळला की शेजारची जिवनबाई कुडावरून डोकावली. "काय चाललंय गं रुक्मे?"

"भांडण चाललंय. तुला वाढू का?" रुक्माबाई म्हणाली. जिवनबाईचं डोकं कुडामागं गेलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. करुणा पदर सावरत आत आली, घरातली हवा बघून दारातच थबकली. "जीपवाला थांबत न्हाई म्हणतोय. त्याला सवारी गाठायची आहे. आण सुरज तिला."

"आक्का, नका नेऊ," लावण्या म्हणाली. आक्का हा शब्द तेवढा दोन्ही भाषांत एकच. करुणानं मान खाली घातली.

सुरजनं पिशवी उचलली आणि दुसरा हात लेकीपुढं केला. "चल आकांक्षा. आत्याकडं जायचं."

लावण्या मधे शिरली. "चालु! चालु!" तिचा आवाज फाटला.

"बोल, अजून बोल तुझं!" सुरजनं तिला खांद्यानं बाजूला केलं.

आकांक्षा उठली. आईकडं गेली नाही, बापाचा हातही धरला नाही. दोघांच्या मधे उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. पंजे उघडे, बोटं पसरलेली, बरोबर खांद्याच्या वर.

कुणी शिकवलं नव्हतं. हंगामभर ती बांधावर लिंबाखाली बसून कुकरवरच्या खुणा बघत असायची.

"काय करून राहिली ही?" करुणानं विचारलं.

सुरजला कळलं होतं. लहानपणापासून त्यानं ती खूण हजारदा परत दाखवली होती. आता त्याच्या एका हातात पिशवी होती आणि दुसरा तसाच पुढे केलेला. लेकरू त्याच्याकडे बघत थांबलं होतं. तिचे हात खाली येईनात. बाहेर दुसऱ्यांदा हॉर्न वाजला.

"हात खाली कर," सुरज म्हणाला.

तिनं केले नाहीत.

"खाली कर म्हणतो ना!"

रुक्माबाई ओसरीवरून उठली. गुडघ्यांवर हात टेकत लेकराच्या समोर आली, फडकं खाली टाकलं आणि आपले हळदीनं पिवळे पडलेले दोन्ही पंजे वर केले. आकांक्षानं ते बघितले, तेव्हा कुठं हात खाली घेतले आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

"माय, याचा अर्थ काय—"

"अर्थ तुला माहीत आहे. तू ती खूण परत दाखवली न्हाईस." रुक्माबाईनं फडकं उचलून लावण्याच्या पिठाच्या हातात दिलं. "करुणा, त्या जीपवाल्याला जाऊ दे, तू जेवून जा. लेकरू कुठं जाणार न्हाई. सोमवारी डॉक्टरला दाखवायला मी नेईन, तिची माय संगं येईल. आजपासून कुकरवर लावण्या उभी राहील, मी लेकराजवळ बसंन. सुरज, पिशवी रिकामी कर."